समुद्रतळाचा रंग

११ जानेवारी

प्रिय दादा,

इतके दिवस लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. दिवस म्हणणंही खोटंच, वर्षं झाली. मध्ये दोनदा कागद घेऊन बसले होते, पण दोन्ही वेळा पत्र तुझ्यावर ओरडायला लागलं, म्हणून फाडून टाकलं. हे तिसरं. यात कुठे राग आढळला तर तो जुना, शिल्लक राहिलेला आहे असं समज.

फोन तू उचलत नाहीस. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "फोन ते पालथा घालून ठेवतात. पत्र पालथं घातलं तरी डोळ्यांत खुपत राहतं. पत्रच पाठवा."

सरळ मुद्द्यावर येते. समुद्राखालचं ते बाहेरचं खोरं आता माझ्याकडे आलंय. तुझंच ते. मी त्या गटात बदली घेतली तेव्हा तू जेवता जेवता उठला होतास. "माझ्या फजितीवर आता तू इमला बांध," म्हणालास. मी उत्तर दिलं नाही, कारण वाटलं, तू आवाज खाली आणलास की बोलू. तू तो खाली आणलास, पण एकदम शून्यावर.

आपला तिथला परवाना या वर्षअखेरीस संपतो. त्याआधी एक विहीर मंजूर झाली तर खोरं आपलं, नाहीतर सगळं सरकारला परत. तिथे वायू असण्याची शक्यता किती आणि असला तर किती, हे मूल्यमापन मी करायचं आहे. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ आहे. तिथे आजवर एकच विहीर खोदली गेली, ती तुझी. वायूच्या जागी लाव्हा लागला, खडक पोखरणारं बिट मोडलं, वादळ आलं, आणि खडकांची मोजमापं न घेताच विहीर बंद करावी लागली. मग अहवालात एक वाक्य आलं, 'या खोऱ्यात दिसणारी चमक लाव्हाची आहे', आणि तेव्हापासून प्रत्येकाने ते तसंच्या तसं उतरवून घेतलंय. माझ्या शेजारच्या टेबलावर साठ्यांचं गणित करणारे एक गृहस्थ बसतात. कशालाही आधी नाही म्हणतात, म्हणून सगळं ऑफिस त्यांना नकारघंटा म्हणतं, त्यांच्या तोंडावर. ते म्हणाले, "दोन पानांत उरका. पहिल्यावर नाही लिहा, दुसऱ्यावर सही करा."

आई माझ्याकडेच आहे आणि बरी आहे. परवा तिने विचारलं, "त्या खड्ड्यात आहे तरी काय?" मी सांगितलं, की मळलेलं पीठ दोन्ही हातांनी ताणावं तशी जमीन ताणली गेली, मध्ये पातळ झाली आणि खचली. त्या खाचेत आधी तळी साठली. तळ्यांत शेवाळ मरून काळा चिखल झाला. मग समुद्र आत आला, वर थरांवर थर बसले, आणि खाली तो चिखल शिजून त्यातून वायू सुटला. आता साठायला सच्छिद्र वाळूचा दगड आणि वर पक्कं झाकण असलं, तर तो अजून तिथेच असेल.

"म्हणजे शिजलंय," आई म्हणाली, "भांड्यात राहिलं का उतू गेलं, एवढंच बघायचंय."

"एवढंच."

"आणि एवढ्यावरून तुम्ही दोघं भांडलात?"

"भांडलो कुठे? बोलणंच बंद आहे."

"तेच म्हणते. भांडला असतात तर एव्हाना मिटलं असतं."

या पत्राला उत्तर नाही आलं तरी मी लिहिणार आहे. तेवढी सूचना देऊन ठेवते.

तुझी धाकटी

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझी विहीर पुन्हा वाचली. वाईट वाटून घेऊ नकोस, मूल्यमापनाचा तो पहिला नियम तूच मला शिकवला होतास: आधी पडलेल्यांची कागदपत्रं वाचायची.

एक गोष्ट मला गिळता येत नाहीये. तुला माहीत असलेलंच मांडते, कारण लिहून काढलं की माझ्या डोक्यात नीट बसतं. जहाज समुद्रात आवाज सोडतं, खालच्या थरांवरून तो परत येतो, आणि त्याच्या रेघा आपण छापतो. आवाज मऊ दगडात शिरला की एक रंग, कठीण दगडात शिरला की दुसरा. वायू भरलेली वाळू मऊ, लाव्हा कठीण. त्या रेघांच्या जुन्या छापील छेदांवर ठरलं होतं, काळं म्हणजे मऊ आणि पांढरं म्हणजे कठीण. पश्चिमेला ठळक काळा पट्टा होता, तो तू वायू म्हणून खोदलास. पूर्वेला, खडकाच्या कलंडलेल्या ठोकळ्याच्या माथ्यावर, तेवढाच ठळक पांढरा पट्टा होता. अहवालात तो लाव्हा म्हणून सोडून दिला.

मग काळ्यातून लाव्हा निघाला. आणि सगळ्यांनी म्हटलं, बघा, इथे सगळाच लाव्हा.

पण दादा, एकाच जहाजाच्या रेघांवर लाव्हा काळाही आणि पांढराही कसा असेल? काळा पट्टा लाव्हा निघाला असेल तर पांढरा काय आहे, हे कोणीच कसं विचारलं नाही? रंग उलटे छापण्याची पद्धतही तेव्हा काही जहाजांवर होती. हे जहाज त्यांपैकी असलं, तर तू वायू समजून लाव्हा खोदलास आणि आपण सगळे इतकी वर्षं लाव्हा समजून वायू सोडून बसलोय.

तपासायला एकच खूण पुरे. वर पाणी, खाली जमीन, त्यामुळे समुद्राचा तळ कायम कठीणच दिसणार. तळाचा रंग कळला की संपलं. आणि नेमका तळच नाहीये. मूळ नोंदींच्या चुंबकी फिती कधीच सडून गेल्या. आता आहेत त्या कागदावरच्या छेदांच्या स्कॅन, आणि प्रत्येक कागदाचा वरचा भाग कापलेला, सरळ, कात्रीने कापावा तसा. पाणी गेलं आणि त्याच्याबरोबर तळही.

मी हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. कारण मला माझीच शंका येते. हे मला दिसतंय, की दिसावं असं वाटतंय? माझ्या भावाची विहीर मूर्खपणाची नव्हती, हे सिद्ध करायला मी किती उतावीळ आहे ते मला माहीत आहे. असला माणूस पुराव्याजवळ असू नये.

म्हणून एकच प्रश्न विचारते. त्या जहाजावर तू होतास. त्या कागदांचा माथा कुठे गेला?

तुझी धाकटी

२४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं कार्ड आलं. वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. आईने ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि म्हणाली, "अक्षर बिघडलंय पण तोरा तसाच आहे." तू लिहिलेलं मला पाठ झालंय, तरी उतरवते:

'माथा मीच कापायला लावला. बैठकीच्या खोलीची भिंत बुटकी होती, कागद मावेना. पाण्यात बघण्यासारखं काय असतं असं तेव्हा वाटलं. तळ गेला तरी त्याचा प्रतिध्वनी कुठे जाईल? पूर्वेकडच्या उथळ रेघा बघ. एवढंही सुचत नाही का? शेपूट ती शेपूटच.'

मी तुझ्या मागेमागे फिरायचे म्हणून पडलेलं ते नाव इतक्या वर्षांनी वाचलं आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन थोडा वेळ उभी राहिले. मग खाली येऊन कामाला लागले.

तू म्हणतोस ते मला खरंच सुचायला हवं होतं. आवाज तळावरून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो, पुन्हा तळावरून परततो. म्हणून तळाची एक उशिरा आलेली नक्कल छेदावर बरीच खाली दिसते, आणि पृष्ठभागावर आपटताना तिचा रंग उलटतो. ती कचरा म्हणून पुसून टाकण्यातच आमची निम्मी नोकरी जाते. पश्चिमेच्या रेघांवर ती पुसलेली आहे. पूर्वेला, उथळ पाण्याच्या कडेला, तीन रेघा कोणीतरी पुसायच्या राहून गेल्यात. आळशी माणसाचं भलं होवो.

मी आधी बघितलं नाही. तिन्ही रेघांवरची नावं, दिशा, सगळं झाकून छापलं आणि नकारघंटांपुढे ठेवलं. "ही खालची नक्कल आहे. रंग सांगा."

"कशासाठी?"

"सांगितलं तर तुम्ही नाही म्हणाल."

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. "पांढरी. तिन्हींवर. आता कशासाठी ते कळल्यावर मी नाही म्हणणार आहे, हेही टिपून ठेवा."

मग मी बघितलं. पांढरी आहे, दादा. नक्कल पांढरी, म्हणजे तळ काळा, म्हणजे काळं कठीण आणि पांढरं मऊ. नकाशा आहे तसाच आहे, फक्त आपण सगळे तो उलट्या रंगात वाचत होतो.

नकारघंटांना सगळं सांगितलं. त्यांनी छापलेले कागद उचलले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मी चार प्रकारे मोडायचा प्रयत्न केला. मोडत नाही. वैताग आहे नुसता." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे बँडबाजाच.

आईला बातमी दिली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भिंत थोडी उंच असती तर माझा मुलगा नोकरी सोडून गेला नसता, इथे असता." तिचं वाक्य तसंच्या तसं तुला पाठवते. तुला जमलं तर तू बोल.

तुझी धाकटी

२९ मार्च

प्रिय दादा,

काल विहिरी मंजूर करणाऱ्या समितीची बैठक झाली. आधी तिच्या आधीची गोष्ट सांगते, कारण ती मला जास्त छळते.

शक्यता म्हणजे चार अपूर्णांकांचा गुणाकार. चिखल शिजला का, वाळू आहे का, झाकण आहे का, सापळ्याचा आकार खरा आहे का. झाकणापुढे मी आधी एक आकडा लिहिला होता. रंगाचा उलगडा झाल्यानंतर बघते तर तो मी वाढवलेला. झाकणाचा आणि रंगाचा काय संबंध? काही नाही. झाकणाबद्दल मला नवं काहीच कळलेलं नव्हतं, मी फक्त खूश होते. आकडा पूर्वीच्या जागी आणला, आणि तो मध्ये वाढला होता हे अहवालाच्या तळटीपेत घातलं. नकारघंटा म्हणाले, "तळटीपेत कबुलीजबाब देणारी तुम्ही पहिलीच."

शेवटी गुणाकार आला शंभरात एकतीस. आधीच्या अहवालात तो पाच होता.

बैठक त्याच बुटक्या भिंतीच्या खोलीत होती. मी पहिल्या मिनिटाला उभी राहून सांगितलं, की आधीची विहीर माझ्या सख्ख्या भावाची आहे, म्हणून रंगाची तपासणी माझ्याऐवजी दुसऱ्याने, नावं झाकून केली आहे. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "भाऊ काय म्हणतो?"

"म्हणतो, एवढंही सुचलं नाही का."

"मग सख्खाच आहे."

पुढचा घाव आपल्याच माणसाने घातला. नकारघंटा म्हणाले, "पट्टा मऊ आहे, मान्य. वायू आहे, समजा मान्य. पण लाव्हाच्या शेजारचा वायू. तो जळणाराच कशावरून? कार्बन डायऑक्साइड निघाला तर आपण समुद्राखाली सोडावॉटरचा कारखाना शोधला असं होईल." खोलीत हशा पिकला. मी हसले नाही, कारण ते बरोबर होते आणि माझ्या चार अपूर्णांकांत हा पाचवा नव्हताच. तिथल्या तिथे त्यांच्याशी बोलून तो घातला. एकतिसाचे तेवीस झाले. सगळ्यांसमोर आपला आकडा आपल्या हाताने खोडणं कसं वाटतं, ते तुला सांगायला नको.

आणि गंमत बघ, त्या खोडण्यामुळेच विहीर मंजूर झाली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "जी बाई तेवीस सांगते तिचे तेवीस मी धरते. इथे पन्नास सांगणारे पुष्कळ आले." विहीर पूर्वेला, पांढऱ्या पट्ट्यावर. समुद्रात खोदणारी रिग ऑगस्टमध्ये येणार.

एक अट आहे. चूक कशी झाली ते अहवालात लिहायचं, म्हणजे दुसऱ्या खोऱ्यांत कापलेले कागद कोणाकडे असतील तर ते सावध होतील. मी लिहिलं, 'छपाईच्या वेळी वरचा भाग कापण्यात आला.' आता हे वाक्य मला टोचतंय. कापण्यात आला, जसा काही तो स्वतःहून कापला गेला. तुझं नाव घातलं तर तू पुन्हा टेबलावरून उठशील, आणि नाही घातलं तर मी ज्यासाठी तुझ्याकडे पत्रं पाठवतेय तेच खोटं पडेल. तू सांग. तू नको म्हणालास तर मी वाक्य तसंच ठेवीन, आणि ते मला टोचत राहील, तेवढंच.

तुझी धाकटी

१६ एप्रिल

दादा,

उत्तर मिळालं. 'नाव घाल. भिंतीचंही घाल.' दोन्ही घातली. वाक्य असं झालं: 'बैठकीच्या खोलीची भिंत अपुरी असल्याने विहिरीच्या भूवैज्ञानिकांनी (इथे तुझं पूर्ण नाव आहे) छेदांचा वरचा भाग कापून घेतला, आणि न कापलेली प्रत कोणीही मागितली नाही.' शेवटचा तुकडा माझा. कापणारा एक होता, न विचारणारे आम्ही सगळे.

वहिनींचा फोन होता. म्हणाल्या, तू तिकडे लोकांना पाण्याच्या विहिरींच्या जागा दाखवतोस आणि हल्ली शीळ घालतोस. "आधी घालायचे नाहीत. आता घालतात, तेही बेसूर. तुम्ही काय लिहिता त्यांना?" मी म्हटलं, तांत्रिक गोष्टी.

९ सप्टेंबर

दादा,

बिट पांढऱ्या पट्ट्यात शिरलं. मऊ आहे. वाळूचा दगड आहे. वायू आहे.

कोणता, ते अजून माहीत नाही. खोदताना आत सोडलेल्या चिखलाबरोबर वर आलेला नमुना प्रयोगशाळेत गेलाय, आणि पक्कं काय ते चाचणीत कळेल.  नकारघंटांनी माझ्यासाठी चहा आणून ठेवला. तो गार झाला.

लाव्हा निघाला असता तर मला रडता आलं असतं. हे मधलंच आहे. वायू आहे आणि तरी काहीच नसू शकतं. तुझ्या रिगवर बिट मोडलं तेव्हा तू किती वेळ असा बसला होतास, हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारते.

१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुला सगळं माहीत आहे, कारण तू फोन उचललास. तरी लिहिते. पत्रांनी सुरू केलेलं पत्रातच पुरं करावं.

काल दुपारी आम्ही सगळे ऑफिसात, रिगवरचं चित्र दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यासमोर उभे होतो. रिगच्या बाहेर काढलेल्या लांब नळीच्या टोकाशी आधी नुसती हवा थरथरत होती. मग ठिणगी दिली आणि ते पेटलं. नारिंगी, आडवं, वाऱ्याने झुकलेलं आणि भलं मोठं. समुद्राचा तेवढा तुकडा उजळून निघाला, भर दुपारी.  सगळे पडद्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून नकारघंटांकडे बघायला लागले. त्यांनी हातातला कागद वाचला: शंभरात ब्याण्णव भाग मिथेन. म्हणाले, "जळतोय. माझा सोड्याचा आक्षेप मी मागे घेतो. लेखी देऊ?" मग मात्र खोली डोक्यावर घेतली लोकांनी. अध्यक्षबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मला पाठीत एक धपाटा घातला, मोठ्या बहिणीने घालावा तसा.

माझा एक आकडा चुकलाय. वाळूचा थर मी सांगितला होता त्याच्या दीडपट जाड निघाला. सगळे याला आनंदाची बातमी म्हणतात आणि ती आहेच, खोरं आता कोणी परत मागणार नाही. पण चूक ती चूक. कुठे चुकले ते शोधतेय. नकारघंटा काल म्हणाले, "आजचा दिवस तरी चुका सोडा." कालचा सोडला.

मी तुला फोन लावला तो न उचलण्याचा फोन म्हणूनच लावला होता. तीन वेळा वाजल्यावर ठेवणार होते. तू अभिनंदन वगैरे काही म्हणाला नाहीस. "झाकण किती जाड निघालं?" एवढंच विचारलंस. मी सांगितलं. मला वाटलं, झालं, आता तू फोन ठेवणार, परत शून्य. मग तू म्हणालास, "मग माझा लाव्हासुद्धा झाकणच असणार."

मी खुर्चीवर बसले, दादा. मूल्यमापन मी केलं, खोरं तळापासून वाचलं, आणि हे मला दिसलं नव्हतं. पश्चिमेला तू खोदत होतास तो लाव्हा होता, वायू नव्हता, बरोबर. पण त्याच्या खाली? तुझं बिट झाकणात मोडलं. भांड्यापर्यंत तू पोहोचलाच नव्हतास. आपण पूर्वेला झाकण उघडून वायू काढला आणि पश्चिमेला झाकणालाच रिकामं भांडं समजून परत आलो.

"माझी विहीर कोरडी नाहीये," तू म्हणालास, "अर्धी आहे."

"मग पुरी करायला ये."

"येईन. पण मूल्यमापन तू करायचं. माझ्याकडून शंभरात शंभर निघतील."

तेवढ्यात आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. ती तुझ्याशी काय बोलली ते मी ऐकलं नाही, मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. पण तिचा आवाज चढलेला होता, आणि मधूनमधून तुझाही. बऱ्याच वेळाने ती आत आली, डोळे लाल, आणि तोंडभर हसू. म्हणाली, "भांडलो एकदाचे."

आज अध्यक्षबाईंकडे पश्चिमेच्या विहिरीचा कच्चा प्रस्ताव दिला. सल्लागार म्हणून तुझं नाव घातलंय आणि शेजारी कंसात 'भाऊ' असंही, म्हणजे कोणी नंतर सांगायला नको. त्यांनी वाचून विचारलं, "शक्यता किती?" मी म्हटलं, अजून काढलेली नाही. "छान," म्हणाल्या, "मग यांना आधी रिगवर नेऊन आणा. बंदरावर नावं नोंदवा, कपडे-बूट काय लागतात ते मागवून ठेवा."

तुझी धाकटी

उद्या: रिगवरच्या बुटांसाठी दादाच्या पायाचं माप वहिनींना विचारणे.